वाळवण, वळीव आणि एक वही

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. उन्हाळ्यात दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा आभाळाकडे कोण पाहतं? शेतकरी पाहतो, असं तुम्ही म्हणाल आणि ते खोटं नाही. पण मी म्हणेन, जिच्या गच्चीवर कुरडया वाळत पडल्या आहेत ती बाई! तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि उन्हं चढायच्या आत सोऱ्या फिरवून मोकळं व्हायचं. एवढी मेहनत उघड्यावर मांडून ठेवल्यावर कुणाचं लक्ष आभाळाकडे जाणार नाही?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. आमचं पिंपळगाव रेणुकाई म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं गाव, मिरचीच्या बाजारामुळे दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं. उन्हाळा इथे चांगलाच तापतो. त्या आठवड्यात तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. सकाळी मी कुरडया घालायला निघाले, तर सासूबाई माठातून पाणी घेता घेता म्हणाल्या, "अगं, आज माठ गार झाला नाही बघ. नको घालूस आज."

मी मनात हसले. बी.ए.ला माझा भूगोल होता, शाळेत अर्धवेळ शिकवतेही भूगोलच. माठाचा आणि पावसाचा काय संबंध? आभाळ तर निळंशार होतं. मी खुशाल दोन चादरी भरून कुरडया घातल्या.

दुपारी साडेतीनला पश्चिमेला एक पांढरा ढग दिसला, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. चारला त्याचा डोंगर झाला. साडेचारला असा काही धुळीचा लोट उठला की समोरच्या घराचं दार दिसेना. गच्चीवर धावत गेले तोवर एक चादर शेजारच्यांच्या लिंबावर होती आणि दुसरीतल्या कुरडयांवर टपोरे थेंब आणि बोराएवढ्या गारा पडत होत्या. वीस मिनिटांत सगळा खेळ आटोपला. माझ्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता, फक्त आता मातकट!

सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पण मला रात्रभर झोप लागली नाही. कुरडयांचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते हे की, पदवी माझ्याजवळ आणि अंदाज बरोबर सासूबाईंचा!

माठाचं गुपित

दुसऱ्या दिवशी शाळेतली जुनी पुस्तकं काढली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माठ गार का होतो, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद आणि माठ गार. हवेत ओलावा वाढला की वाफ होणं मंदावतं आणि माठ कोमट राहतो. कूलर लावूनही कधी कधी नुसतं चिकचिकल्यासारखं होतं ना? त्याचंही कारण हेच. मीठ ओलसर होतं, पापड लवकर वाळत नाहीत, कपाळाचा घाम सुकत नाही. या सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात, की कोरड्या हवेत कुठून तरी ओलावा शिरला आहे.

आणि ओलावा हाच वळवाच्या पावसाचा दाणागोटा! नुसत्या उन्हाने वादळ होत नाही. ते होत असतं तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रोज पाऊस पडता. ऊन आणि ओलावा यांची गाठ पडावी लागते. अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत येतात. खाली जमीन तव्यासारखी तापलेली असते. तापलेली हलकी हवा वर चढते, उंचावर थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने हवा आणखी जोरात वर उसळते. म्हणूनच अर्ध्या-पाऊण तासात फुलकोबीचा डोंगर होतो. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जाऊ शकतो, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! तिथे वर जायला वाव उरला नाही की त्याचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा होतो. आभाळात ऐरण दिसली की समजावं, आता हा ढग नुसता शोभेचा नाही.

गारा होतात त्याही याच ढगाच्या पोटात. उंचावर पाणी शून्याच्या खाली गेलं तरी काही काळ गोठत नाही. बर्फाच्या कणाला असं पाणी चिकटत जातं आणि खालून येणारा वारा त्याला पडू देत नाही. वाऱ्याला पेलवेना इतकी गार जड झाली की ती खाली येते. वारा जितका जोरकस, तितकी गार मोठी. गारपीट ही चेष्टेची गोष्ट नव्हे. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ रोजी गारांनी २४६ माणसं दगावली. गारपिटीतल्या मनुष्यहानीचा तो जगातला आजवरचा सर्वांत मोठा आकडा मानला जातो. आपल्या मराठवाड्याने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली आणि मग ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट पाहिली आहे. ती उन्हाळ्याच्या तोंडाची होती, पण आमच्या जालना जिल्ह्यातली द्राक्षं आणि हाताशी आलेली रब्बी तिने कशी झोडपली, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

जाऊबाईंचा कान

कुरडयांवरून मला गंमत सुचली खरी, पण वही मात्र गमतीखातर सुरू झाली नाही. तिच्यामागे माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत.

माझं लग्न व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही हकिकत. जाऊबाई शेतात होत्या. पाऊस सुरू झाला म्हणून बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. आपण सगळ्याच उभ्या राहतो, नाही का? झाडावर वीज पडली. झाडाला बांधलेला बैल जागीच गेला. जाऊबाई आठ-दहा हात लांब फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण डाव्या कानाने त्यांना तेव्हापासून ऐकू येत नाही. आजही आभाळ गरजलं की हातातलं काम टाकून त्या देवघरात जाऊन बसतात.

कुरडया बुडाल्या त्या संध्याकाळीही त्या तशाच बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "ताई, ढग तर साडेतीनलाच दिसला होता." त्या म्हणाल्या, "तेव्हाही दिसलाच असेल गं. पण बघायचं असतं हे कुणी सांगितलं होतं?"

हे वाक्य मनात रुतून बसलं. दुसऱ्या दिवसापासून मी शंभर पानी वही घातली. शाळेच्या कपाटात दोन थर्मामीटर धूळ खात पडले होते, ते मुख्याध्यापकांना विचारून काढले. एक तसाच सावलीत टांगला, दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं. हा ओला थर्मामीटर म्हणजे माझा माठच, फक्त आकडे सांगणारा! कोरड्या दिवशी दुपारी सुका ४१ अंश दाखवतो तेव्हा ओला २० वर असतो. ज्या दिवशी सुका ३९ आणि ओला २५ दाखवतो, त्या दिवशी मी वाळवण घालत नाही.

रोज तीनदा नोंद करायची: दोन्ही थर्मामीटर, वारा कुठून, ढग कसला, पहिला गडगडाट किती वाजता. पाहता पाहता या वहीला भागीदार मिळाले. सातवीच्या चार मुली आल्या. मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक मुनीम आले, कारण उघड्यावर पडलेला माल भिजला तर काय होतं ते त्यांना पुरतं माहीत आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले. मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आला, तो उपग्रहाची ढगांची चित्रं दाखवतो. आमचे हे सुरुवातीला म्हणायचे, "आता घरात वेधशाळाच उघडली म्हणायची!" आता चहा झाला की तेच विचारतात, "आज ओला किती?"

जगभरचे आभाळवेडे

आपल्यासारखे वेडे जगात खूप आहेत, बरं का. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात वसंत-उन्हाळ्यात प्रचंड वादळं आणि चक्रीवाती होतात. त्यांच्या मागे मोटारीने धावणारी हौशी मंडळी तिकडे आहेत. डेव्हिड होडली नावाच्या गृहस्थांनी १९५६ साली हा नाद सुरू केला आणि १९७७ साली त्यासाठी एक नियतकालिकही काढलं. तिथली सरकारी हवामान संस्था हजारो साध्या माणसांना शिकवून तयार करते. यंत्राला न दिसणारी जमिनीलगतची गोष्ट ही माणसं डोळ्यांनी पाहून कळवतात. पण ही हौस कधी जिवावरही बेतते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो इथे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे चक्रीवातात सापडून मेले. समारस नवशिके नव्हते, अभ्यासू संशोधक होते. त्या वादळाचा घेर चार किलोमीटरच्या वर होता. तेव्हा ढगाच्या मागे धावणं हे आपलं काम नव्हे. ढग येताना ओळखणं आणि दाराआड होणं, एवढं आपल्याला पुरे.

आपल्याकडेही ही परंपरा जुनीच आहे. सहदेव-भाडळीची नक्षत्रांवरची वचनं तुमच्याही आजोबांना पाठ असतील. आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. तिला तीनशेहून अधिक वर्षं झाली असं सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलं भाकीत ऐकायला गावोगावचे शेतकरी जमतात. आताच्या काळात परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलवर घरोघर ऐकले जातात. मुंबईत राजेश कपाडिया हे हौसेने हवामानाच्या नोंदी ठेवून लोकांना सांगत आले आहेत. आणि सरकारी हवामान खातं तर १८७५ पासूनचं. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आली. पुणेकर आजही त्या जागेला शिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळेच.

याच पुण्याच्या कचेरीत १९४८ साली एक बाई रुजू झाल्या, त्यांचं नाव अण्णा मणी. केरळच्या. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या. प्रबंध लिहून झाला होता, पण एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या रडत बसल्या नाहीत. तोवर पर्जन्यमापकापासून सगळी हवामानाची उपकरणं परदेशातून येत. अण्णा मणींनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून ती इथेच बनवायला लावली. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. सातवीच्या मुलींना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एकीने विचारलं, "बाई, मग आपलाही थर्मामीटर त्यांचाच का?" तिला म्हटलं, त्यांचा नसला तरी त्यांच्या वाटेवरचा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. अंदाज कुणाचाही असो, अमुक तारखेला अमक्याच्या शिवारावर वीज पडेल असं चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. वळवाचा ढग दहा-वीस किलोमीटरचा, आयुष्य तास-दोन तासांचं. फार तर, या भागात उद्या-परवा वादळाला पोषक हवा आहे, एवढं आधी कळतं. नेमकं ठिकाण कळतं ते तास-दोन तास अगोदर. म्हणूनच हवामान खातं तीन तासांच्या तातडीच्या सूचना वेगळ्या देतं आणि पिवळा, नारिंगी, लाल असे रंग वापरतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं मोबाइल अॅप काढलं आहे. आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, ते त्यावर दिसतं. आमच्या वहीचं मोल या दोन्हींच्या पुढे नाही, त्यांच्या मदतीला आहे.

"तुमच्या ढगानं आमचा रोज बुडवला!"

आता मी माझी फजिती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा व्हायचा नाही.

आमच्याकडे उन्हाळी मिरचीची लागवड कडक उन्हातच होते. भाऊजींच्या शेतात बारा-तेरा बाया रोजाने लावणीला होत्या. आमची वही तेव्हा जोरात होती. एका दुपारी ओला थर्मामीटर चढलेला, पश्चिमेला ढग, मोबाइलवर पिवळी सूचना. मी फोन करून जाऊबाईंना सांगितलं, बायांना घरी पाठवा. जाऊबाईंना विजेचं नाव पुरे. दीड वाजता काम थांबलं. आणि नंतर? ढग आला तसा उत्तरेला डोंगराकडे निघून गेला. थेंब नाही. उरलेला दिवस लख्ख ऊन.

संध्याकाळी किराणा दुकानात त्यांच्यातलीच एक बाई भेटली. ती रागावली नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या ढगानं आमचा अर्धा रोज बुडवला. तुमची वही भरली, आमची चूल कशी भरायची?"

मला उत्तर सुचेना. खरंच की! अंदाज चुकला तर माझं काय जाणार होतं? वहीत एक फुली! पण तिच्या घरचं तेल-मीठ गेलं. माझ्या मनात आलं, पुढच्या वेळी ही बाई माझं ऐकणार नाही आणि नेमकी त्याच वेळी वीज पडेल. खोटी हाक दिली की खऱ्या हाकेची किंमत जाते. हौस म्हणून आभाळाकडे पाहणं सोपं आहे. त्या पाहण्यावर दुसऱ्याची भाकरी अवलंबून असली की ती हौस राहत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही घरचे सगळे बसलो. भाऊजी म्हणाले, "ढग आला की काम बंद, असं केलं तर लावण आषाढात होईल." त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी जाऊबाई बोलल्या. त्या घरात फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "ढग दिसला म्हणून काम थांबवू नका. पण गरजलं की थांबवायचं, आणि त्या वेळेचा रोज कापायचा नाही. माझ्या कानाचे पैसे समजा." भाऊजी खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं."

त्यातून आमचा नियम ठरला. ढग दिसला की फक्त तयारी करायची, म्हणजे पक्क्या खोलीपासून लांबच्या वाफ्यातलं काम सोडून जवळच्या वाफ्यात यायचं. वीज चमकली की मोजायला लागायचं. प्रकाश क्षणात पोचतो, आवाजाला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. आमच्या मुलींनी मोजायची युक्ती काढली: "एक रेणुकामाय, दोन रेणुकामाय, तीन रेणुकामाय..." एकेका नावाला बरोबर एकेक सेकंद! तीसच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग खुरपं टाकून थेट पक्क्या खोलीत. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

ती संध्याकाळ

मे महिना उजाडला. त्या दिवशी सुका ४१ वर गेला होता. पाच दिवस अंगाची लाही होत होती. (मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त गेला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. पारा ४५ ला पोचला तर सरासरी पाहायचीही गरज नाही.) सकाळी माठ कोमट होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघींनी मिळून सांडगे घरात पंख्याखाली मांडले.

पावणेचारला आभाळात ऐरण दिसली. मी फोन केला, पण या वेळी एवढंच म्हटलं, "ताई, बायांना जवळच्या वाफ्यात घ्या." पुढचं तिथल्या बायांनीच केलं. रोजावर रागावलेली ती बाईच मोजत होती म्हणे. पहिली वीज चमकली तेव्हा चाळीसपर्यंत मोजून झालं. दुसरीला चौतीस. तिसरीला सव्वीस झाले, तशी तीच सगळ्यांना ओरडली, "चला गं!" तेरा बाया आणि दोन लेकरं सिमेंटच्या खोलीत शिरली, तेव्हा अजून एक थेंबही पडला नव्हता. डोक्यावर अर्धं आभाळ निळंच होतं.

हे नीट लक्षात घ्या. पाऊस यायच्या आधी वीज येऊ शकते. ढग आठ-दहा किलोमीटरवर असतानाही ती आपल्यापाशी पडू शकते. आपण बाया थेंब पडल्याशिवाय उठत नाही, तिथेच घात होतो.

मग धुळीचा लोट आला, मागोमाग गारा आल्या. अर्ध्या तासात थर्मामीटर ४१ वरून २९ वर उतरला. भाऊजींचं शेडनेट फाटून वायरीला लोंबत होतं. लावलेल्या मिरचीची निम्मी रोपं मोडून पडली. वीज पडली ती दोन शेतं पलीकडच्या बाभळीवर. आमच्या बांधावरचा लिंब तसाच उभा होता, पण त्याच्याखाली कुणी नव्हतं.

नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. रोपं पुन्हा विकत आणावी लागली, त्या पैशाची टोचणी वर्षभर राहिली. पण बाया घरी पोचल्या. ती बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मास्तरीणबाई, सव्वीस झाले होते. तुमच्या वहीत लिहा."

मी लिहिलं. तारीख, वेळ, आणि पुढे २६.

एवढं लक्षात ठेवा

तुम्ही शहरात राहत असाल तर म्हणाल, आम्हांला शेत कुठे आहे? पण १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला काय झालं, ते आठवा. वादळी वाऱ्याने भलामोठा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर झाड पडून ७ भाविक दगावले. आणि २०२२ या एका वर्षात भारतात विजेने २,८८७ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. म्हणून या चार गोष्टी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा:

१. गडगडाट ऐकू आला की घरात. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, जाहिरातफलकाखाली थांबू नका. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार चांगली. पायांतली रबरी चप्पल विजेपासून वाचवत नाही.

२. गच्चीवरचं वाळवण ऐरण दिसताच उतरवा. गडगडायला लागल्यावर वर जाऊ नका. कुरडया पुन्हा करता येतात.

३. वीज चमकत असताना नळाखाली आंघोळ, मोरीतली भांडी, धुणं थांबवा. टीव्ही, फ्रिजचे प्लग आधीच काढा. मोबाइल वापरायला हरकत नाही, पण चार्जिंगला लावलेला नको.

४. उघड्या रानात सापडलात आणि आडोसाच नसला, तर दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, डोकं खाली घ्या, कान झाका. आडव्या पडू नका. घोळका करून बसू नका, एकमेकींपासून लांब बसा. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागा नव्हे.

५. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास चालत नसेल तर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन प्रयत्न करा, १०८ ला फोन करा. कित्येक जण तेवढ्याने वाचतात.

६. उन्हाच्या लाटेत वाळवणासाठी दुपारी बारा ते तीन गच्चीवर राबू नका. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं ही धोक्याची खूण. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याची शुद्ध हरपली तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावर पाणी घालून वारा घालत थेट दवाखान्यात न्या.

चार म्हणता म्हणता सहा झाल्या! शिक्षिकेची सवय, दुसरं काय!

जाता जाता एकच सुचवते. यंदाच्या उन्हाळ्यात तुम्हीही एक वही करा. थर्मामीटर नसला तरी चालेल. सकाळी माठातलं पाणी पिताना गार होतं की कोमट, दुपारी ढग कुठल्या बाजूला आला, पहिला गडगडाट किती वाजता झाला, एवढंच लिहा. मुलांना सुट्टीच असते, त्यांना मोजायला बसवा. महिनाभरात तुमच्या गावचं आभाळ तुम्हांला ओळखीचं वाटायला लागेल.

आमच्याकडे आता वाळवणाचा दिवस सासूबाई आणि मी मिळून ठरवतो. त्या माठ पाहतात, मी थर्मामीटर पाहते. बहुतेक वेळा दोघींचं जमतं. जमलं नाही, तर मी अजूनही माठाचंच ऐकते.